चाकातलं एरंडेल

५ जानेवारी १९७५, फलटण

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. रोज म्हणजे लिहिण्यासारखं काही घडेल त्या दिवशी. पुढेमागे कुणा श्रावकाला असं चाकांवरचं घर करावंसं वाटलं, तर त्याला माझ्या चुका ठाऊक असाव्यात. चुका फारशा होणार नाहीत म्हणा. मी सगळा विचार करून केलं आहे.

ट्रेलर मिलिटरीच्या लिलावातला. मिरजेच्या सुताराकडून त्यावर सागवानी फळ्यांची खोली चढवून घेतली, वर पत्रा. आत दोन बायका झोपतील एवढी जागा, भांड्यांचं फडताळ, जातं, लाकूडफाटा, सोवळ्याचे कपडे टांगायला दांडी. चामडं म्हणून कुठे ठेवलं नाही. चाकांच्या आत चामडी चकत्या होत्या, त्या काढून जाड कापडाच्या बसवल्या. दाराचा पट्टा काढून सुती नाडा लावला. मुक्कामाला पोचलं की ट्रेलरची एक बाजू खाली सोडायची, शेजारची जमीन सारवायची, कनात बांधायची, की महाराजांच्या आहारासाठी चौका, म्हणजे सोवळ्याचं स्वयंपाकघर, तयार. महाराज दिगंबर मुनी, ते पायी चालतात, आमचा चौका चाकांवर त्यांच्या पुढे जातो.

हे सगळं आक्कासाठी. आक्का म्हणजे माझी आई, आक्काताई. सत्तरी उलटली, गुडघे गेले. महाराजांच्या फलटण ते सांगली या पायी विहारात त्यांना स्वतःच्या हाताने आहार द्यायचा, एवढीच तिची इच्छा. सांगलीत ती घर सोडणार आहे. महाराजांसमोर व्रत घेऊन श्राविकाश्रमात राहायला जाणार. म्हणजे आईबरोबरचा माझा हा शेवटचा महिना. यात केसाएवढीही अशुद्धी मला चालणार नाही.

ओढायला वडूजच्या जोतिरामची जीप ठरवली आहे. फौजेत ड्रायव्हर होता. बोलका, तंबाखूचा भोक्ता, थोडा बढाईखोर. पण माणूस सच्चा.

७ जानेवारी, फलटण

आज ट्रेलर ओढून पाहिला. मी जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस. बैलांच्या मानेवर भार येऊ नये म्हणून गाडी मागे जड भरायची, हे मला कुणी शिकवायला नको. तसंच इथे केलं. गव्हाची पोती, जातं, लाकूड, सगळं मागे. जीपच्या मानेवर तरी भार कशाला?

दोन फर्लांगात ट्रेलर असा डोलायला लागला की आत भांड्यांचा नुसता खणखणाट. जोतिरामने गाडी थांबवली आणि डोक्याला हात लावला.

"अण्णा, जीपला काय मान हाय व्हय? म्होरं दाबून भरा. मागं जड झालं की ह्ये शेपूट हालवतंय, आन् उतारावर शेपूटच गाडी हाकतंय."

सगळं काढून पुन्हा पुढे भरलं. मग गुमान चालला. तेव्हा लक्षात ठेवा : जड सामान आसाच्या पुढे, हलकं मागे, वर काहीच नाही. हुकाची पिन रोज बघावी, आणि पिन असली तरी साखळी लावावीच.

९ जानेवारी, फलटण

मोठा घोटाळा टळला. त्याचं श्रेय पायगोंडाला. पायगोंडा माझा चुलतभाऊ, ग्रंथ वाचलेला, विहारात महाराजांबरोबर चालतो. आज ट्रेलर बघायला आला. चामडं काढलंय वगैरे मी कौतुकाने दाखवत होतो, तर म्हणाला, "चाकात काय घातलंय?"

मी म्हटलं, ग्रीस.

"ग्रीसात चरबी असतीया. जनावराची. तुमचा चौका चरबीवर बसून येतोय म्हणा की."

खरं की खोटं ते देव जाणे, पण शंका आली तिथे शुद्धी संपली. मी तिथल्या तिथे ठरवलं. बैलगाडीच्या आसाला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या एरंडेल घालतो. इथेही एरंडेलच घालायचं.

जोतिरामने वाद घातला. "अण्णा, ती बैलगाडी. तासाला दोन मैल. ह्येच्यात बेरिंग हाय, एरंडेल उनउन हून गळून जाईल. बेरिंग जळंल. आन् माझ्या जीपच्या चाकांत ग्रीसच हाय की, त्येचं काय?"

"जीप तुझी, ट्रेलर माझा," मी म्हटलं. "तुझ्या चाकाचं पाप तुझ्याकडे."

मी त्याच्याकडून शपथ घेतली. उद्या ग्रीस पुसून काढीन आणि एरंडेलच भरीन, खंडोबाची आण, असं तो चारचौघांसमोर बोलला. पद्मावती, माझी बायको, तेव्हा भाकऱ्या थापत होती. तिने एकदम विचारलं, "भाऊ, बेरिंग जळलं तर काय हुतं?" तो म्हणाला, "चाक निगतं, वैनी." बायकांना नको त्या गोष्टीत लक्ष घालायची खोडच.

१० जानेवारी, फलटण

काम झालं. मी एरंडेलाचा डबा आणून दिला. जोतिराम म्हणाला, "तुमी महाराजांच्या प्रवचनाला जावा, हितं लय घाण हुनार." पद्मावतीचं डोकं दुखत होतं, ती थांबली. मी परतलो तेव्हा चाकं बसलेली, डबा रिकामा. मी स्वतः चाकाच्या टोपीवर बोट फिरवून वास घेतला. एरंडेलच.

संध्याकाळी पद्मावतीने सगळ्या पणत्या काठोकाठ भरून लावल्या होत्या. उजेड सुंदर पडला. मी म्हटलं, आज एवढी उधळपट्टी? ती पणतीची वात पुढे सारत राहिली.

आक्काने आजपासून तूप सोडलं. कारण विचारलं तर म्हणाली, "सोडावंसं वाटलं." तिचं वैराग्य वाढत चाललं आहे.

१३ जानेवारी, मोगराळे घाटाच्या वर

घाट चढला! मी महाराजांबरोबर चालत होतो. आक्का आणि पद्मावती ट्रेलरमध्ये. वर येऊन बघतो तर ट्रेलर झाडाखाली शांत उभा. पायगोंडाला मी मुद्दाम दाखवलं. जोतिराम म्हणाला होता जळेल, जळलं का? शुद्ध भावनेने केलेल्या गोष्टीला काही होत नाही. एरंडेलाचा हा प्रयोग मी समाजाच्या मासिकाला लिहून पाठवणार आहे.

एक गंमत. पद्मावती थांबल्याथांबल्या ट्रेलरच्या चाकाजवळ जाते आणि टोपीवर तळहात ठेवते. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. मी तिला समजावलं की चाकाला नमस्कार करणं आपल्यात बसत नाही, ते मिथ्यात्व, खोटी श्रद्धा. ती म्हणाली, "बरं." आणि पुढच्या थांब्याला पुन्हा तेच. आता मी बोलत नाही. भोळी आहे.

१७ जानेवारी, दहिवडी

आज काय लिहू आणि काय नको. महाराज आमच्या चौक्यात आले!

फलटणला दहा चौके होते, महाराज रोज दुसऱ्याकडे वळायचे. मनातल्या मनात ते काय विधी, म्हणजे अट, धरून निघतात कुणाला कळत नाही. चाकावरच्या चौक्यात ते कधीच येणार नाहीत, अशी कुजबुज होतीच. आज आक्का कनातीच्या दारात कलश घेऊन उभी होती, गुडघे थरथरत होते, आणि महाराज समोर येऊन थांबले. आत आले. उभ्याने, ओंजळीत आहार घेतला. आक्काने पहिला घास ठेवला तेव्हा तिचा हात अजिबात थरथरला नाही. आहार मोडणारा कसला अंतराय आला नाही, केस नाही, मुंगी नाही.

महाराज गेल्यावर आक्का बराच वेळ हात जोडून बसली. मला वाटलं होतं ती हसेल. तिचे डोळे पाण्याने भरले होते. आनंदाने येतं पाणी कधी कधी.

मी मात्र हसत होतो. पायगोंडाला म्हटलं, महाराजांना शुद्धी कळते, सांगावी लागत नाही.

२१ जानेवारी, वडूज

जोतिरामचं गाव. दुष्काळात खोदलेली विहीर त्याच्या घरामागे आहे, पाणी गोड. आम्ही कापडातून गाळून घेतलं. त्याची आई बनुबाई आक्काशी गप्पा मारायला येऊन बसली, चौक्यापासून अंतर राखून. म्हणाली, "आमचं प्वार म्हैना झाला मटनाला शिवलं न्हाई. जत्रंचं ताट परत धाडलं. म्हनतंय, आक्कास्नी न्यायचं हाय."

मला बरं वाटलं. संगतीचा परिणाम होतोच.

एक धडा : चाकांना दगड लावल्याशिवाय हूक कधीही काढू नका. मी आज घाई केली आणि घर आपोआप बनुबाईच्या गोठ्याकडे निघालं. म्हैस ओरडली म्हणून कळलं. जोतिराम इतका हसला की त्याची तंबाखू सांडली. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी इतकं हसलो. मला सख्खा भाऊ नाही. असता तर असा असता, असं तेव्हा वाटून गेलं.

२६ जानेवारी, मायणी

मला फसवलं.

विट्याहून एक श्रावक आले होते, त्यांनाही ट्रेलर करायचा आहे. एरंडेलाचं ऐकून ते खास बघायला आले. मी म्हटलं, बोलण्यापेक्षा दाखवतो. पायगोंडा होता, आणखी दहा-बारा माणसं होती. जोतिराम पाणी आणायला गेला होता. मी पान्याने चाकाची टोपी उचकटली.

आत ग्रीस. पिवळट, घट्ट, ताजं. गच्च भरलेलं. एरंडेल फक्त टोपीला बाहेरून चोपडलेलं होतं, मला वास घ्यायला.

पायगोंडाने नाकाला उपरणं लावलं. विट्याचे श्रावक माझ्याकडे नाही, जमिनीकडे बघत होते. तेवढ्यात जोतिराम कळशी घेऊन आला आणि टोपी माझ्या हातात बघून जागीच थांबला.

"हे काय?" मी विचारलं.

"ग्रीस."

"कधीपासून?"

"पैल्यापासनं. कवाच काडलं न्हवतं. मधी एकदा नवं भरलं."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

पद्मावती कनातीतून बाहेर आली होती, काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. आक्काने आतून हाक मारली, "पद्मा, पाणी ठेव चुलीवर." ती तिथेच उभी राहिली. जोतिराम म्हणाला, "कुनाच्या न्हाई. म्याच केलं. मला म्हाईत हुतं जळनार, म्हनून केलं."

"खंडोबाची आण घेतलीस तू."

"घेतली."

मग माझ्या तोंडून गेलं. मी म्हणालो, "तुम्हा लोकांच्या हाताला रक्ताची सवय. लढाईत माणसं मारली, घरी बकरी कापता. तुम्हाला चरबीचं काय सुतक?"

सगळे ऐकत होते. जोतिरामने कळशी हळूच खाली ठेवली. पाणी सांडू दिलं नाही. आधी चाकांना दगड लावले, हूक सोडला, मग जीप घेऊन निघून गेला. ठरलेलं भाडंही मागितलं नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

२७ जानेवारी, मायणी

झोप नाही. दहिवडीच्या आहाराचं काय झालं? महाराजांनी ओंजळीत घेतलं ते काय होतं? आक्काचं पुण्य त्या माणसाने मातीत घातलं. ज्याला मी भावासारखा मानलं. केसाने गळा कापला.

मी आज सगळं स्वतः केलं. चाकं काढली, रॉकेलने धुतली, ग्रीसचा कण ठेवला नाही. काडीला फडकं गुंडाळून काढलं, हात लावला नाही. एरंडेल भरलं. चांगलं सढळ हाताने. मायणीतल्या एकाची जीप ठरवली.

पद्मावती जेवली नाही. जोतिराम गेला म्हणून ही रडते! परक्या माणसासाठी. मी विचारलं, तर म्हणाली, "आवं, त्येंना तसं बोलाय नगं हुतं." माझी फसवणूक झाली त्याबद्दल एक शब्द नाही.

२९ जानेवारी, विट्याच्या अलीकडे

पद्मावतीने आज ट्रेलरमध्ये बसायला नकार दिला. स्वतः तर नाहीच, आक्कालाही बसू दिलं नाही. सकाळी एसटी पकडून दोघी विट्याला गेल्या. गुडघे दुखणारी म्हातारी, एसटीच्या बाकड्यावर! मी म्हटलं, तुझा माझ्यावर भरवसा नाही का. ती म्हणाली, "चाकावर न्हाई." आक्कासुद्धा तिच्याबरोबर उठली. मी एकटाच शुद्ध राहिलो आहे असं वाटलं.

मी जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलो. पायगोंडा त्या दिवशी चालायचं सोडून मागच्या बाकावर बसला होता. विटा चार-पाच मैल राहिलं असेल, उतार लागला. आधी करपट वास आला. मी म्हटलं, कुणी शेतात पाला जाळत असेल. मग किंकाळीसारखा आवाज, आणि ड्रायव्हरने ब्रेक दाबायच्या आत ट्रेलरचं डावं चाक आमच्या जीपला मागे टाकून एकटंच पुढे रस्त्याने पळत गेलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं. पाठोपाठ ट्रेलर बसला, घसटत चरात गेला आणि आडवा झाला. साखळीने जीप ओढली जाता जाता वाचली.

खोलीच्या फळ्या उघडल्या. जातं पुढच्या फळीवर आदळून ती फोडून आत उलटलं होतं. ते जिथे पडलं तिथे आक्काचं अंथरूण होतं.

पायगोंडा उतरला, बघितलं, म्हणाला, "एरंडेल भेसळीचं असंल." आणि महाराजांना गाठायचं म्हणून मिळेल त्या बैलगाडीत बसून पुढे गेला. मी एकटा चरात बसून राहिलो. चाकाच्या बेरिंगला मी बोट लावलं तर बोट भाजलं. आतलं एरंडेल सगळं गळून गेलं होतं.

३१ जानेवारी, विटा

मला आता कुणाचंच काही नको. लिहून ठेवतो आणि थांबतो.

ट्रेलर लोकांच्या मदतीने विट्याला आणला. काल पद्मावतीने जात्याची ती जागा बघितली. बराच वेळ फळीवरून हात फिरवत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जोतिरामभाऊंना मीच सांगिटलं हुतं."

मला कळेचना काय म्हणते ती.

"फलटनला. तुमी प्रवचनाला गेला तवा. म्हटलं, आत्याबाई बसनार हायत ह्यात. ग्रीस ऱ्हाऊ द्या, यांना सांगू नगा. त्ये नगंच म्हनत हुते, आन घेटलीया म्हनत हुते. मी पाया पडले त्येंच्या."

"आणि एरंडेल?"

"पनत्यांत घाटलं."

वीस वर्षं संसार केला. माझ्या पाठीमागे, माझ्या चौक्यात, परक्या पुरुषाच्या पाया पडून तिने मला फसवलं. मी तिला म्हटलं, यापुढे तुझ्या हातचं जेवणार नाही. ती म्हणाली, "बरं."

मी आक्काकडे गेलो. म्हटलं निदान तिला सांगावं, तिच्या व्रताशी हे काय केलं सुनेने. आक्का माळ ओढत होती. थांबली नाही. मणी सरकवत म्हणाली, "मला ठावं हाय. त्याच दिवशी सांगिटलं तिनं. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे."

मी काय लिहू. ज्या बाईच्या शुद्धीसाठी मी हा सगळा खटाटोप केला, तिलाही माहीत होतं. दहिवडीत तिने घास ठेवला तेव्हाही माहीत होतं. सगळ्यांना ठाऊक. फक्त मी मूर्ख, चाकाची टोपी हुंगत फिरणारा.

मी ओरडलो, "तुझ्यासाठी केलं मी हे!"

"माझ्यासाठी केलंस व्हय? मग मला कवा इचारलंस?" ती म्हणाली. "माझं पाप माझ्याकडं. मी त्याचं बघीन. तुला सांगिटलं असतं तर तू महाराजांच्याकडं पळाला असतास. त्ये प्रवचन सोडलं तर मौनात. आन् पायगोंडा उत्तर देत बसला असता." मग म्हणाली, "जोतिरामाला आन जा. मला सांगली गाठायची हाय."

२ फेब्रुवारी, वडूज

आईने सांगितलं म्हणून गेलो. माझ्या मनातून गेलेलं नाही काही. खोटी आण ती खोटी आण.

जोतिराम अंगणात जीपखाली झोपून काहीतरी आवळत होता. बाहेर आला, हात पुसले. बनुबाईने मला बसायला पोतं टाकलं आणि गोठ्याकडे निघून गेली. मी सांगितलं, चाक निघालं, आक्का वाचली, पद्मावतीने सगळं सांगितलंय. आता चल. ट्रेलर ओढ.

"वैनी बोलल्या व्हय," तो म्हणाला. "नगं हुतं बोलाय." मग म्हणाला, "अण्णा, म्या खोटं बोललो, कबूल. खंडोबाचं आन् माझं म्या बघून घीन. पर तुमी रक्ताचं बोलला. चार मान्सांत. लढाईत म्या गाडी वढली. जखमी वढलं. त्येंच्या रक्तानं शीट भिजायची, म्या ती धुयाचो. मारलं कुनाला न्हाई. मारलं असतं तरी तुमी बोलाय नगं हुतं."

मी म्हटलं, मी रागात होतो.

"व्हय. म्या येनार न्हाई."

"मग ग्रीस कोण भरणार?"

"तुमी. दोन हात हायती की." त्याने रिकामा तळहात पुढे केला आणि दाखवलं. ग्रीसचा गोळा तळव्यावर घ्यायचा, बेरिंगची कड त्यात दाबायची, घासायची, पलीकडून ग्रीस बाहेर येईपर्यंत. फडक्याने, काडीने होत नाही. मग चाक बसवून नट आवळायचा, थोडा सैल सोडायचा, चाक हलवून बघायचं, खडखडलं नाही पाहिजे. दर मुक्कामाला टोपीवर हात ठेवायचा. हात ठेववेना इतकी गरम झाली तर पुढे जायचं नाही.

एवढं सांगून तो पुन्हा जीपखाली गेला.

६ फेब्रुवारी, विटा

सांगलीहून बेरिंग आणलं. लोहाराने आस सरळ केला. ग्रीसचा डबा तीन दिवस ट्रेलरखाली होता. लोहाराला म्हटलं, तू भर. तो म्हणाला, लोखंडाचं माझं, बाकीचं तुमचं.

पायगोंडाकडून निरोप आला की महाराज तासगाव सोडून पुढे गेले. सांगलीत चार दिवस राहतील, मग कर्नाटकात. आक्काने निरोप ऐकला आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

आज दुपारी मी भरलं. तळहातावर घेतलं. गार, चिकट, आणि त्याला खास असा वास नाही. मला वाटलं होतं वास येईल.

साबण, शिकेकाई, राख, सगळ्याने हात धुतले. नखांच्या कडेला राहिलंच.

९ फेब्रुवारी, सांगली

मायणीच्या त्याच जीपमागे ट्रेलर पोचला. तासगावच्या रस्त्याला मी थांबून थांबून टोप्यांवर हात ठेवले. कोमट होत्या. आक्का आणि पद्मावती आत बसून आल्या.

मी आक्काला आधीच सांगितलं होतं की उद्या मी चौक्यात येणार नाही. माझे हात ग्रीसात गेलेत. मी बाहेर उभा राहीन. ती म्हणाली, "तुझं तू बघ."

१० फेब्रुवारी, सांगली

गावात पंधरा-सोळा चौके होते. आमचा सगळ्यांत टोकाला, फळ्यांना ठिगळं लावलेल्या ट्रेलरशेजारी. मी सोवळं नेसून कनातीबाहेर उभा होतो, आत जायचं नाही म्हणून. आक्का आणि पद्मावती दारात कलश घेऊन. महाराज एकेक दार मागे टाकत आले. कुठेच विधी मिळत नव्हता. आमच्याकडे आले. दोघींना बघितलं आणि पुढे निघाले.

आक्काच्या तोंडचं पाणी पळालं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "भूपाल. ये हितं." मी हललो नाही. ती पुन्हा म्हणाली, "नवराबायकोची जोडी पायजे असंल. ये रं."

मायणीपासून मी ज्यावर चिडत होतो ते हेच. एक पाऊल टाकायचं, आणि ग्रीसबद्दल गप्प बसायचं. महाराज चार पावलं पुढे गेले होते. मी पद्मावतीशेजारी जाऊन उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु." महाराज थांबले. वळले. आमच्यासमोर आले.

आत नेण्याआधी यजमानाने बोलायचं असतं. सगळे माझ्याकडे बघत होते. पायगोंडा रस्त्यात उभा होता. मला वाटलं, आता सांगावं. नखं दाखवावीत. महाराज परत फिरतील, पण मी खरा ठरेन. आक्काने माझ्याकडे बघितलं. विनवणी नव्हती तिच्या डोळ्यांत. ती फक्त वाट बघत होती.

मी म्हणालो, "मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी. आहार-जल शुद्ध आहे." आवाज अजिबात कापला नाही.

महाराज आत आले. आक्काने घास दिले. पाणी मी घातलं, माझ्या हाताने, त्यांच्या ओंजळीत.

दुपारी आक्काने व्रत घेतलं. श्राविकाश्रमाच्या दारापर्यंत मी आणि पद्मावती गेलो. आक्काने पद्मावतीच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याही. बोचकं उचलून आत गेली.

येताना रस्त्यात पद्मावतीने विचारलं, "आज जेवाल का माझ्या हातचं?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार. तिच्यावर, आक्कावर, जोतिरामवर रागावायचा माझा हक्क आज सकाळी गेला. तो मीच घालवला, चारचौघांत, स्वच्छ आवाजात. राग होता तोवर बरं होतं.